सेलबोटच्या इनबोर्ड इंजिनाची हिवाळ्याआधीची तयारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडात लेक ओंटारिओच्या काठाने, हॅमिल्टनपासून टोरांटो आणि पुढे किंग्स्टनपर्यंत, शिडाच्या बोटी ऑक्टोबरात क्रेनने उचलून क्रेडलवर, म्हणजे जमिनीवरच्या आधाराच्या चौकटीवर, बसवतात आणि एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात पुन्हा पाण्यात सोडतात. मधल्या काळात शिडं घरी येतात, गाद्या घरी येतात, इंजिन मात्र थंडीत बोटीतच असतं. नव्याने बोट घेतलेली मराठी मंडळी जे प्रश्न हमखास विचारतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं १० ते ४० अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनांना धरून आहेत. तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये काही वेगळं लिहिलं असेल तर मॅन्युअलचं ऐका.

गाडी अख्खा हिवाळा ड्राइव्हवेवर उभी असते, तिला काही होत नाही. मग बोटीच्या इंजिनालाच एवढं का जपायचं?

गाडीतला कूलंट बंद चक्रात फिरतो आणि त्यात ग्लायकॉल असतं. बोटीचं इंजिन बाहेरच्या पाण्यावर थंड होतं. बुडाच्या सीकॉकमधून, म्हणजे उघडता-मिटता येणाऱ्या झडपेतून, तळ्याचं पाणी आत येतं, स्ट्रेनरमधून गाळून पंपात जातं, इंजिनाची उष्णता घेतं, मिक्सिंग एल्बोमध्ये धुराला मिळतं आणि मफलरमधून वर चढून मागून बाहेर पडतं. इंजिन बंद केलं की ते पाणी वाटेत जिथे असेल तिथेच थांबतं. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. रबरी नळी एवढं सोसू शकते. बिडाचा ब्लॉक, पंपाचं घर आणि हीट एक्स्चेंजरमधल्या (एका द्रवाची उष्णता दुसऱ्याला देणाऱ्या भागातल्या) बारीक नळ्या मात्र सोसत नाहीत.

शिवाय तडा गेलेला जानेवारीत कळत नाही, कारण बर्फच भेग बुजवून बसलेला असतो. बर्फ वितळतो, मे महिन्यात तुम्ही इंजिन सुरू करता, आणि मग कुठून तरी ठिबकायला लागतं किंवा डिपस्टिकवरचं तेल दुधाळ दिसतं. म्हणून या सगळ्या कामात एकच प्रश्न सारखा विचारत राहायचा: पाणी अजून कुठे उरलंय?

माझं इंजिन कुठल्या प्रकारचं आहे हे कसं ओळखायचं?

इंजिनावर कूलंटची छोटी टाकी आणि गाडीच्या रेडिएटरसारखं दाबाचं झाकण दिसलं तर ते बंद चक्राचं, म्हणजे आत कूलंट आणि त्याला थंड करायला हीट एक्स्चेंजरमधून जाणारं बाहेरचं पाणी. असं झाकण नसेल तर बहुधा तळ्याचं पाणी थेट ब्लॉकमधूनच फिरतं. यानमारच्या जुन्या जीएम मालिकेत नावावरूनच कळतं: २जीएम२० थेट पाण्यावरचं, २जीएम२०एफ बंद चक्राचं. इकडच्या सत्तरच्या दशकातल्या सी अँड सी बोटींत सर्रास आढळणारं युनिव्हर्सल कंपनीचं ॲटॉमिक ४ हे पेट्रोल इंजिनही मुळात थेट पाण्यावरचं, पण काहींनी त्याला नंतर हीट एक्स्चेंजर जोडून घेतलेला असतो. त्यामुळे जुन्या मालकाच्या शब्दावर न जाता इंजिनावरच्या नळ्या हाताने चाचपून बघा.

बंद चक्र असलं की आपण सुटलो, असं पुष्कळांना वाटतं. ब्लॉक सुटतो एवढं खरं, पण पंप, हीट एक्स्चेंजर, एल्बो, मफलर या वाटेने बाहेरचंच पाणी जातं आणि ते काढावंच लागतं. आतला कूलंटही एकदा तपासून घ्या. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर संरक्षण साधारण −३७ सेल्सिअसपर्यंत मिळतं. उन्हाळ्यात पातळी उतरली म्हणून कोणी नळाचं पाणी ओतत राहिलं असेल तर ते प्रमाण बिघडलेलं असतं. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे द्रवातलं ग्लायकॉलचं प्रमाण दाखवणाऱ्या उपकरणावर, एक थेंब टाकला की खरा आकडा कळतो. हे उपकरण फार महाग नाही आणि पुढेही लागणार आहे, तेव्हा घेऊनच टाका.

हे काम कधी करायचं?

बोट उचलण्याच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी. ऑक्टोबरात तळ्याचं पाणी शून्याच्या बरंच वर असतं आणि त्या पाण्यात बसलेल्या बोटीच्या पोटात थोडी ऊब टिकते. क्रेडलवर चढल्यावर हवेचं तापमान तेच इंजिनाचं तापमान होतं. क्रेनच्या दिवशी घाई असते, पुढच्या शनिवारी करू म्हणून काम ढकललं जातं आणि मधल्याच एखाद्या रात्री पारा उतरतो. हवामानखात्याच्या भरवशावर ही जोखीम घेऊ नका.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, चेसापीक बे किंवा लाँग आयलंड साउंडच्या बाजूला थोडी जास्त सवड मिळते. समुद्राचं पूर्ण खारं पाणी −१.९ सेल्सिअसच्या आसपास गोठतं, पण खाडीचं मचूळ पाणी त्याआधीच. दोन अंशांच्या फरकावर कोणी हिवाळा काढू शकत नाही.

कामांचा क्रम कसा लावायचा?

आधी डिझेल भरा, त्यात जंतुनाशक औषध घाला आणि मग अर्धा-पाऊण तास इंजिनावर बोट चालवा, म्हणजे औषध मिसळलेलं डिझेल इंजेक्टरपर्यंत पोहोचतं आणि तेलही तापतं. धक्क्याला लागल्यावर तापलेलं तेल काढून तेल आणि फिल्टर दोन्ही बदला, मग डिझेलचे फिल्टर. अँटीफ्रीझ सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर इंजिन सुरू करायचं नसतं. अँटीफ्रीझ ओढण्यासाठी इंजिन काही मिनिटं चालतं, तेवढ्यात नवं तेलही सगळीकडे पोहोचतं.

तेल वसंतात बदललं तर चालणार नाही का? नवं तेल सहा महिने नुसतं बसून राहील.

नवं तेल बसून खराब होत नाही. वापरलेल्या तेलात जळणातून आलेली आम्लं आणि ओल असते, आणि ते सहा महिने बेअरिंगांना लागून राहतं. शरदातच बदला. डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ओढायचं असेल तर तेल गरम हवं, थंड तेल अर्धं तळाशीच राहतं.

गिअरबॉक्सचं तेलही बघा. यानमारच्या केएम२पी गिअरबॉक्समध्ये इंजिनाचंच तेल जातं, हर्थच्या अनेक गिअरबॉक्समध्ये एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गाड्यांच्या गिअरबॉक्सचं तेल. तेव्हा मॅन्युअल बघूनच ओता.

डिझेलची टाकी भरून ठेवायची की रिकामी?

भरून, पण काठोकाठ नको. वर थोडी जागा ठेवा. अर्धवट टाकीतल्या हवेतली वाफ थंड पत्र्यावर थेंब धरते, पाणी तळाला जमतं, आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढून काळपट चिकट गाळ होतो. म्हणून डिझेलमध्ये जंतुनाशक टाका. बायोबॉर जेएफ हे इकडे सहज मिळणारं एक. रॅकॉर फिल्टरच्या पारदर्शक वाटीतलं पाणी खालच्या खिट्टीतून सोडा, डिझेलचे दोन्ही फिल्टर बदला आणि डिझेलच्या नळीतली हवा काढा.

पेट्रोल इंजिनवाल्यांनी स्टॅबिलायझर घालावं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल शोषतं आणि पुढे त्याचे दोन थर होतात. शक्य तिथे इथेनॉल नसलेलं पेट्रोल भरा.

गुलाबी अँटीफ्रीझच्या बाटलीवर −५० लिहिलंय. आमच्याकडे तर −२५ च्या खाली क्वचितच जातं. मग थोडं पाणी घालून पुरवलं तर?

पाण्याचा एक थेंबही घालू नका. या −५० वरून जितके गैरसमज होतात तितके दुसऱ्या कशावरून होत नसतील.

एक तर अमेरिकी बाटलीवरचा आकडा फॅरनहाइटमधला असतो, म्हणजे सुमारे −४६ सेल्सिअस. दुसरं, तो आकडा गोठण्याचा नसून नळी फुटण्याचा असतो. हे द्रव −१० ते −१५ सेल्सिअसच्या दरम्यानच बर्फाच्या गोळ्यासारखं भुसभुशीत व्हायला लागतं, फक्त दगडासारखं घट्ट होऊन फुगत नाही. तिसरं, हा आकडा न मिसळलेल्या द्रवाचा. इंजिनात आधीचं पाणी उरलं असेल तर मिश्रण पातळ होतं आणि अर्धं पाणी मिसळलं की ते शून्याच्या थोडंच खाली गोठतं. रंग मात्र तेवढाच गुलाबी दिसतो.

म्हणून इंजिनासाठी मी −५० ची बाटली सुचवत नाही. खास इंजिनासाठी विकतात ते −१०० लिहिलेलं प्रोपिलीन ग्लायकॉल घ्या. थोडं महाग पडतं, पण वाटेत पाणी मिसळलं तरी हाताशी जास्त वाव राहतो. घेताना लेबल वाचा: काही स्वस्त बाटल्यांत ग्लायकॉलऐवजी बराचसा अल्कोहोल असतो. तो रबर कोरडं पाडतो आणि पेटही घेतो.

गाडीचं हिरवं अँटीफ्रीझ, म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, या कामाला वापरू नका. ते विषारी आहे, चवीला गोड लागतं, आणि जमिनीवर सांडलेलं कुत्र्या-मांजराने चाटलं तर जीव जातो. वसंतात पहिल्यांदा इंजिन सुरू कराल तेव्हा आतलं सगळं तळ्यात जाणार आहे, हेही ध्यानात असू द्या.

अँटीफ्रीझ आत नेमकं कसं घालायचं?

दोन सिलिंडरच्या इंजिनासाठी ३.७८ लिटरच्या तीन बाटल्या हाताशी ठेवा, मफलर मोठा असेल तर चौथी. बरोबर एक माणूस घ्या: एकाने बादलीपाशी बसायचं, दुसऱ्याने मागे एक्झॉस्टच्या तोंडाशी.

सीकॉक बंद करा. स्ट्रेनर उघडून त्यातलं पाणी आणि शेवाळ काढा. मफलरला खाली निचऱ्याची खिट्टी असेल तर ती उघडून पाणी बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या खोलगट भागात, सोडा आणि खिट्टी पुन्हा घट्ट बसवा. हे बरेच जण करत नाहीत, आणि मग मफलरमधल्या काही लिटर पाण्यात महागाचं अँटीफ्रीझ विरघळत बसतं.

आता पंपाकडे जाणारी नळी सीकॉकवरून सोडवून अँटीफ्रीझच्या बादलीत बुडवा. स्ट्रेनरचं झाकण उघडं ठेवून त्यात ओतत राहिलं तरी चालतं, पण मग स्ट्रेनरपासून सीकॉकपर्यंतच्या तुकड्याचा वेगळा विचार करावा लागतो. इंजिन सुरू करून आयडलवर ठेवा. बादली भराभर उपसली जाते, त्यामुळे पुढची बाटली आधीच उघडून ठेवा. मागे सुरुवातीला साधं पाणी येतं, मग फिकट गुलाबी, मग गडद.

गडद गुलाबी दिसलं की लोक इंजिन बंद करतात. घाई नको. मागच्या माणसाने डब्यात थोडं धरून रिफ्रॅक्टोमीटरवर प्रोपिलीनच्या पट्टीवर तपासावं. बाहेर पडणारं द्रव बाटलीतल्या द्रवाच्या जवळपास आलं की आतली वाट खरोखर भरली. डोळ्याला दिसणारा रंग हा पुरावा मानू नका. बादली कोरडी पडायच्या आत इंजिन बंद करा. पाण्याशिवाय फिरणारा इम्पेलर, म्हणजे पंपातलं रबरी पात्यांचं चाक, फार लवकर जळतो.

राहिलेल्या जागा: सीकॉकच्या आतला बॉल, सायफन तोडणाऱ्या वळणाची वरची बारीक नळी, आणि ड्रिपलेस शाफ्ट सीलची (पंख्याच्या दांड्याभोवती पाणी अडवणाऱ्या सीलची) घडीदार नळी. बॉल व्हॉल्व्ह बंद असला की बॉलच्या पोटात पाणी अडकतं. बोट जमिनीवर आली की तो उघडा, एकदोनदा मागेपुढे फिरवा आणि उघडाच ठेवा. बोट पाण्यातच राहणार असेल तर अर्थात बंद. इंजिनावर पाणी तापवणारा हीटर असेल तर त्याची गोड्या पाण्याची टाकी वेगळी रिकामी करा.

जमिनीवर आणल्यावर नळाचा पाइप थेट इंजिनाला जोडला तर?

कधीही नाही. नळाला दाब असतो. इंजिन बंद असताना तो पाणी मफलरमध्ये ढकलत राहतो, मफलर भरतो आणि पाणी एक्झॉस्टच्या वाटेने सिलिंडरमध्ये उतरतं. पाइप बादलीत सोडा आणि बादलीतून इंजिनाला स्वतः ओढू द्या.

माझं इंजिन थेट पाण्यावरचं आहे. वरचं सगळं केलं की झालं का?

नाही, तुमच्याकडे जास्त काम आहे. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडणारी झडप) बंद असताना बरंचसं अँटीफ्रीझ ब्लॉकला वळसा घालून एक्झॉस्टकडे निघून जातं. मागे गुलाबी दिसतं आणि ब्लॉकमध्ये तळ्याचं पाणी तसंच. थेट पाण्यावरच्या यानमार जीएमचा थर्मोस्टॅट ४२ अंशांच्या सुमारास उघडायला लागतो, पण थंडगार अँटीफ्रीझ आत आलं की तो पुन्हा मिटतो. म्हणून मी थर्मोस्टॅट काढून ठेवूनच अँटीफ्रीझ ओढण्याच्या मताचा आहे. दोन बोल्ट आणि एक गास्केट, एवढंच काम.

त्याआधी ब्लॉकवरचे निचऱ्याचे कॉक उघडा. इथे डोळे उघडे ठेवा. कॉक उघडला, दोन थेंब आले आणि थांबले, म्हणजे ब्लॉक रिकामा झाला असं नाही. भोकाच्या तोंडाशी गंज आणि गाळ बसलेला असतो. कडक तार आत घालून फिरवा. आधी तपकिरी चिखल निघतो, मग एकदम धार सुटते आणि ओंजळ-दोन ओंजळी पाणी येतं. ती धार येईपर्यंत तार बाहेर काढायची नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डलाही असाच कॉक असतो. जस्ताचे पेन्सिल ॲनोड, म्हणजे इंजिन गंजू नये म्हणून स्वतः झिजणाऱ्या कांड्या, याच वेळी काढून बघा आणि निम्मे झिजले असतील तर बदला.

अँटीफ्रीझ घालायच्या वेळी इंजिन सुरूच होत नाही. स्टार्टर मारत राहू का?

थांबा. स्टार्टर फिरतो तेव्हा पंपही फिरतो आणि प्रत्येक वेळी थोडं पाणी पुढे ढकलतो. इंजिन पेटलेलं नसल्यामुळे ते बाहेर फेकायला धुराचा दाब नसतो. मफलर भरला की पाणी मागे सिलिंडरमध्ये येतं आणि पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात असाल तर सीकॉक बंद करून स्टार्टर मारा आणि इंजिन धरताच उघडा. बरेच प्रयत्न झाले असतील तर मफलरचा निचरा आधी करा. फिल्टर बदलल्यानंतर सुरू होत नसेल तर बहुतेक वेळा डिझेलच्या नळीत हवा राहिलेली असते.

इम्पेलर काढायलाच हवा का?

काढा. पाती एकाच बाजूला वाकलेल्या अवस्थेत सहा महिने राहिली की तशीच ताठरतात. शिवाय पंप उघडला की पातींच्या मुळाशी चीर आहे का ते दिसतं. नखाने पात वाकवून बघा, बारीक भेग लगेच उघडते. एखादं पातं गायब असेल तर नुसता नवा इम्पेलर बसवून काम संपत नाही. तो तुकडा पाण्याच्या वाटेत पुढे, बहुतेक वेळा हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी, अडकलेला असतो. तो सापडेपर्यंत शोधा, नाहीतर पुढच्या जुलैत इंजिन तापेल आणि कारण कळणार नाही.

काढल्यावर इग्निशनच्या किल्लीला चिठ्ठी बांधा: इम्पेलर काढला आहे.

सिलिंडरमध्ये तेल फवारावं का?

पेट्रोल इंजिनात हो, फॉगिंग ऑइल. चालू डिझेल इंजिनाच्या हवेच्या तोंडात मात्र तेल फवारू नका. ते इंधन म्हणून पेटतं आणि इंजिन आवरेनासं होतं. डिझेलला हवेचं आणि एक्झॉस्टचं तोंड तेलकट फडक्याने बंद केलं तरी पुरतं. त्याचीही नोंद किल्लीच्या चिठ्ठीवर करा.

सेलड्राइव्ह असेल तर?

सेलड्राइव्ह म्हणजे बोटीच्या बुडातून खाली उतरणारा, पंखा फिरवणारा पाय. बोट उचलल्यावर त्यातलं गिअर ऑइल थोडं काढून बघा. दुधाळ असेल तर सील गळतंय, आणि तेलातलं ते पाणीही गोठतं. सील बदलायचा तर हिवाळाच बरा.

बॅटरी घरी न्यायची का?

पूर्ण चार्ज असलेली शिसं-आम्लाची बॅटरी ओंटारिओच्या थंडीत गोठत नाही, उतरलेली −१० च्या आसपासच गोठून फुटू शकते. चार्ज करा, तारा सोडवा, मधेमधे तपासा. लिथियम आयर्न फॉस्फेट असेल तर शून्याखाली चार्जिंग करू नका. ती घरीच न्या.

एवढं सगळं करण्यापेक्षा इंजिनाशेजारी छोटा हीटर लावून ठेवला तर?

वीज गेली की हीटर बंद, आणि वीज जाते ती नेमकी सगळ्यात कडाक्याच्या थंडीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये लाखो घरांची वीज ऐन गारठ्यात गेली. तिथल्या बोटवाल्यांना विंटरायझिंगची, म्हणजे हिवाळ्याआधीच्या या तयारीची, सवयही नसते. शिवाय माणूस नसताना बोटीत हीटर चालू ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण, आणि अनेक मरिनांत त्याला मनाईच असते. विम्याच्या कागदांत गोठण्याने झालेल्या नुकसानीचं कलम वेगळं असतं, ते हंगामाआधी वाचा आणि अँटीफ्रीझची बिलं जपून ठेवा.

मुंबईत किंवा कोकणात यातलं काही लागू होतं का?

गोठण्याचा भाग नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, मे सरता सरता नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, आणि मुंबईतल्या शिडाच्या बोटीही पावसाळ्यात बाहेर काढतात. तिथे शत्रू खार आणि दमट हवा. त्यामुळे तेल बदलणं, टाकी भरून ठेवणं, इम्पेलर काढणं, हवेची तोंडं झाकणं हे सगळं तसंच लागू पडतं, आणि त्यात एक भर: बादलीतून गोडं पाणी ओढवून खारट वाट नीट धुऊन काढा.

मेकॅनिकला दिलं तर चालेल ना?

जरूर चालेल. फक्त ‘विंटराइझ करा’ एवढंच सांगू नका. थर्मोस्टॅट काढणार का, मफलरचा निचरा करणार का, बाहेर आलेलं द्रव मोजणार का, इम्पेलर काढून कुठे ठेवणार, हे विचारा. चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी रागावत नाही.

वसंतात पुन्हा सुरू करताना काय बघायचं?

किल्लीवरची चिठ्ठी आधी वाचा. इम्पेलर बसवताना त्याला ग्लिसरीन किंवा भांड्याचा साबण लावा, ग्रीस नको. पंपाच्या झाकणाला नवं गास्केट, थर्मोस्टॅट जागेवर, सगळे कॉक बंद, नळ्यांचे क्लॅम्प घट्ट, फडकी काढलेली. बोट पाण्यात उतरली की क्रेनचे पट्टे सोडायच्या आधी सीकॉक उघडून प्रत्येक जोडाखाली कोरडा टिश्यू फिरवा. मग इंजिन सुरू करून मागे बघा. अर्ध्या मिनिटात पाणी आलं नाही तर बंद करून पंप उघडा.